यंत्र मिळते, गोळी मिळत नाही

आरोग्यसेवेच्या प्रश्नावर समाजवादी चळवळीने अलीकडच्या काळात जी भूमिका घेतली आहे, तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे असे माझे मत आहे. आणि ते स्पष्टपणे मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. सरकार विमा योजना जाहीर करते, पाच लाखांचा आकडा भिंतीभिंतींवर रंगवते. आणि आपले कार्यकर्ते अमुक तालुक्याला योजनेतील रुग्णालय का नाही, तमुक कुटुंबाला कार्ड का मिळाले नाही, एवढ्यावरच झगडत राहतात. हा झगडा अनाठायी नाही. परंतु योजनेची मूळ कल्पनाच सदोष आहे, आजाराचे स्वरूप लक्षात न घेता ती रचली आहे, हे मोठ्याने बोलायला कोणी धजत नाही. गरिबाच्या पदरात पडणाऱ्या चार पैशांना विरोध केल्याचा आरोप येईल, ही धास्ती त्यामागे असावी. ती धास्ती बाजूला ठेवूनच या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. पण ज्या आजाराच्या आधारे मी हे विवेचन करणार आहे, तो आजार माझ्या छातीत आहे, आणि त्याचे अर्थकारण मी गेली काही वर्षे महिन्याच्या महिन्याला वहीत मांडीत आलो आहे. वैद्यकीय परिभाषेत त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना, म्हणजे कर्णिकांना, आकुंचनाची शिस्त राहत नाही. मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा त्या नुसत्या थरथरत राहतात. कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये एक गाठ आहे. ती या गोंधळातले सगळेच संदेश खाली जाऊ देत नाही, म्हणून माणूस जगतो. तरीही नाडी वेडीवाकडी, अनियमित आणि बहुधा अतिशय जलद धावते. धाप लागते, जिना चढवत नाही, आणि असेच चालू राहिले तर हृदयाचा स्नायू थकतो.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. हा आजार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या नियमित घेतल्या तर त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश धोका टळतो. हे दोन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. माझ्या प्रतिपादनाचा पाया तेच आहेत.

माझ्या बाबतीत औषधांनी नाडी आवरेना, तेव्हा डॉक्टरांनी दोन टप्प्यांचा उपाय केला. आधी गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. नंतर मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत नेऊन, त्या मधल्या गाठीला विद्युत्‌लहरींची उष्णता देऊन ती निकामी केली. यालाच अ‍ॅब्लेशन म्हणतात. आता कर्णिकांनी कितीही थयथयाट केला तरी तो जवनिकांपर्यंत पोचत नाही; जवनिका यंत्राच्या हुकमाने ठरलेल्या गतीने चालतात. मला पुन्हा जिना चढता येतो, सभेला जाता येते, सलग वाचता येते. या उपचाराविषयी मी पूर्ण समाधानी आहे आणि तो करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार शास्त्राविरुद्ध नाही; शास्त्राच्या फळांचे वाटप ज्या रीतीने होते तिच्याविरुद्ध आहे.

शस्त्रक्रिया संपली, आजार संपत नाही

या उपचाराने नाडी सुधारते; मूळ आजार जात नाही. माझ्या कर्णिका हे वाक्य लिहीत असतानाही थरथरत आहेत. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मला मरेपर्यंत घ्यावी लागेल; एखाददुसरा दिवस चुकणेही परवडणारे नाही. यंत्राची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. यंत्रातली बॅटरी आठदहा वर्षांत संपत येते आणि मग यंत्रच बदलावे लागते. नैसर्गिक मार्ग तोडून टाकलेला असल्यामुळे माझे हृदय आता त्या यंत्रावर अवलंबून आहे. थोडक्यात, शस्त्रक्रिया दोन दिवसांची होती. पण तिने सुरू केलेला हिशेब उरलेल्या आयुष्याचा आहे.

आता शासनाच्या योजनेकडे पाहा. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली सुरू झाली. महाराष्ट्रात २०१२ पासून आठ जिल्ह्यांत आणि २०१३ पासून राज्यभर राजीव गांधी जीवनदायी योजना होती. तिलाच २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि पुढे तिची केंद्राच्या योजनेशी सांगड घालण्यात आली. या योजनांत पेसमेकर बसवण्याची तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. पण केंद्राच्या योजनेचे नियम सांगतात की रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच खर्च त्यात धरला जाईल. सोळाव्या दिवशीची गोळी रुग्णाने आपल्या खिशातून घ्यायची. सोळाव्या दिवसापासून मरेपर्यंतच्या सर्व गोळ्या त्यानेच घ्यायच्या.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या रचनेला काय म्हणेल? राज्यसंस्था एका गरीब रुग्णाच्या छातीत महागडे यंत्र बसवते, आणि ज्या स्वस्त गोळीवाचून त्याच रुग्णाला पक्षाघात होण्याची शक्यता आहे ती गोळी त्याला देत नाही. त्याला पक्षाघात झाला की तो पुन्हा योजनेत पात्र ठरतो. कारण आता तो रुग्णालयात दाखल झालेला असतो. अंग लुळे पडण्याआधी त्याच्यासाठी दमडी नाही, अंग लुळे पडल्यावर पाच लाखांची हमी आहे! याला अंदाजपत्रकाच्या भाषेतही काटकसर म्हणता येणार नाही.

हा दोष अंमलबजावणीचा नाही. तो विम्याच्या कल्पनेतच आहे. विमा घटनेची भरपाई करतो. घर जळणे ही घटना आहे, जहाज बुडणे ही घटना आहे. पण ज्या आजारांनी आज आपला समाज पोखरला आहे, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे विकार, त्या घटना नव्हेत. ती वर्षानुवर्षे चालणारी अवस्था आहे. तिला रोजची, कंटाळवाणी, न चुकणारी सेवा लागते. आणि अशा सेवेत ना उद्‌घाटनाचा फलक लागतो, ना रुग्णालयाला मोठे बिल लावता येते. म्हणूनच खासगी रुग्णालये आणि सत्ताधारी या दोघांनाही विमा प्रिय आहे.

मध्यमवर्गाने आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर रद्द झाला, तेव्हा निवृत्तांच्या कट्ट्यांवर मोठा आनंद झाला. पण आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावण्याची मुभा विमा कंपन्यांना आजही आहे. आणि थांबून झाल्यावरही नेहमीच्या पॉलिसीत रोजच्या गोळीला जागा नाही. माझ्या स्वतःच्या दाव्यातील बऱ्याच रकमांपुढे ‘अग्राह्य’ असा शेरा मारून कंपनीने त्या वजा केल्या. मला निवृत्तिवेतन आहे म्हणून तो शेरा हा माझ्यापुरता एका कागदाचा विषय ठरला. ज्याला निवृत्तिवेतन नाही त्याच्यासाठी तोच शेरा सावकाराच्या दाराचा रस्ता असतो.

ही श्रीमंतांची व्याधी आहे काय?

चळवळीतील काही मित्र यावर म्हणतील, आणि खासगीत म्हणतातही, की पेसमेकर आणि अ‍ॅब्लेशन हे शहरी, सुखवस्तू, वृद्ध लोकांचे प्रश्न आहेत. कुपोषण आणि बाळंतपणातील मृत्यू आधी थांबवा, मग हृदयाच्या ठोक्यांकडे वळू. हा युक्तिवाद भावनेला भिडणारा आहे, परंतु वस्तुस्थितीला धरून नाही.

युरोप-अमेरिकेत हा आजार मुख्यतः म्हातारपणाचा आणि रक्तदाबाचा आहे. माझ्यासारख्याला तो त्याच वाटेने गाठतो. भारतात त्याची दुसरी, जुनी आणि अधिक क्रूर वाट आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशातील अनेक केंद्रांतून या रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या. त्या २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतील रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांना संधिवाताच्या तापाने आलेला झडपांचा विकार होता. म्हणजे काय? लहान वयात एका जिवाणूमुळे घसा येतो. तो वेळीच बरा केला नाही तर काही मुलांच्या शरीरातील प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. झडप आक्रसते, तिच्यामागची कर्णिका फुगते, आणि पुढे ऐन कर्त्या वयात ती थरथरू लागते. पुष्कळदा अशा बाईला आपल्याला हृदयविकार आहे हे गरोदरपणात धाप लागल्यावरच कळते. बाळंतपणातील मृत्यू आणि हृदयाचा ठोका हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात घ्यावे.

हा ताप कुठे वाढतो? एका खोलीत आठ माणसे निजतात तिथे. युरोपात तो ओसरू लागला तो पेनिसिलीन येण्याच्याही आधी, कामगारांची घरे सुधारली तेव्हा. पेनिसिलीन आल्यावर तर त्याला आळा घालणे सोपे झाले. ज्याला एकदा हा ताप येऊन गेला आहे अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले की झडप वाचते. हे औषध १९५० च्या दशकातले आहे, त्यावर कोणाचे पेटंट नाही, ते अत्यंत स्वस्त आहे. आणि स्वस्त आहे म्हणूनच जगभर त्याचा वारंवार तुटवडा पडतो. नफा नाही म्हणून ते बनवणारे कारखाने मोजकेच उरले. बाजाराच्या श्रेष्ठतेचे पोवाडे गाणाऱ्यांनी या एका औषधाचा हिशेब द्यावा. गरज प्रचंड आहे, तंत्र माहीत आहे, उत्पादनखर्च नगण्य आहे. आणि तरीही पुरवठा नाही. मागणी म्हणजे गरज नव्हे, खिशात पैसा असलेली गरज. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवत आलो. त्या वाक्याचा अर्थ असा हृदयाच्या झडपेवर लिहिलेला सापडतो.

अशा रुग्णांची अडचण इथेच संपत नाही. नव्या प्रकारच्या गोळ्यांना रक्ताच्या वारंवार चाचण्या लागत नाहीत. पण संधिवाताच्या तापाने झडप आक्रसलेल्या रुग्णांना त्या पुरेशा ठरत नाहीत, जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळीच अधिक तारते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले. वॉरफरिन स्वस्त आहे, परंतु तिचा डोस फार नाजूक असतो. कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी-पालक कमीजास्त झाला तरी तिचा परिणाम बदलतो. म्हणून आयएनआर नावाची रक्ताची चाचणी साधारण दर महिन्याला करावी लागते. शहरात राहणाऱ्या प्राध्यापकाला ही चाचणी कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत मिळते. आणि तिची सर्वाधिक गरज ज्यांना आहे ते गावांत आणि पाड्यांवर राहतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बाई वर्षातले पाच-सहा महिने कोपीत, आज या फडात तर उद्या त्या फडात असते. तिने महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायला कुठे जायचे, आणि एक दिवसाचा खाडा झाला की मुकादमाला काय उत्तर द्यायचे? यंत्राची हमी देणाऱ्या योजनेने या प्रश्नाचा विचारही केलेला नाही.

किंमत कोण ठरवतो?

दुसरा युक्तिवाद पलीकडच्या बाजूचा आहे. यंत्र महाग आहे कारण त्यामागे संशोधनाचा खर्च आहे. किमतीवर बंधने घातली तर कंपन्या भारतात येणार नाहीत, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावा.

वॉरफरिन कोणाच्या प्रयोगशाळेतून आले? १९३३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी, सडलेला गवती चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरतात म्हणून, न गोठणारे रक्त कॅनमध्ये भरून राज्याच्या विद्यापीठात घेऊन गेला. तिथे कार्ल पॉल लिंक यांनी वर्षानुवर्षे काम करून चाऱ्यातले ते द्रव्य शोधले. आणि त्याच कामातून पुढे वॉरफरिन निघाले. आधी ते उंदीर मारण्यासाठी वापरले गेले. १९५४ पासून माणसाचे औषध झाले. त्याच्या नावातली पहिली चार इंग्रजी अक्षरे त्या विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाची आद्याक्षरे आहेत. तारेने त्या मधल्या गाठीचे अ‍ॅब्लेशन १९८१ साली प्रथम केले ते डॉ. मेल्विन शाइनमन यांनी, कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक विद्यापीठात. फुप्फुसशिरांच्या मुखाशी हा आजार उगम पावतो हे १९९८ साली दाखवून दिले ते फ्रान्समधील बोर्दो येथील विद्यापीठीय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी. पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेत. तो काही तासच चालला. पण तो रुग्ण, आर्ने लार्सन, एकामागून एक वीसहून अधिक यंत्रे बदलीत २००१ सालापर्यंत जगला. कंपन्यांच्या अभियंत्यांचे योगदान कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच आहे की जे ज्ञान समाजाने पिकवले त्याच्या पिकावर मक्ता एकट्या कंपनीचा कसा?

आपल्या देशातही उदाहरण आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली सरकारी पैशावर हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. अनेक अपयशे पचवून ती १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडपेच्या तुलनेत ती पुष्कळ स्वस्त आहे आणि आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना बसली आहे. जे झडपेच्या बाबतीत होऊ शकले ते पेसमेकरच्या बाबतीत का होऊ नये? मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला एक भारतीय कंपनी कित्येक वर्षे पेसमेकर बनवीत आहे; म्हणजे तंत्र आपल्याला अगम्य आहे असेही नाही. बाजार मात्र चार-पाच बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हातात आहे.

किमतीला लगाम घातला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली. ज्यांची छापील किंमत लाखावर जात होती असे औषधवेष्टित स्टेंट २९,६०० रुपयांवर आले, साधे ७,२६० वर. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले काही स्टेंट मागे घेण्याची परवानगी मागितली. आकाश कोसळले नाही; स्टेंट बसतच राहिले. पेसमेकरवर अशी कमाल किंमत नाही. त्याची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, एवढेच बंधन आहे. छापील किंमत मुळात किती असावी, हे कंपनीच ठरवणार! याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्लीच्या परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले. हा नफा उत्पादकाचा नव्हता, बहुतांशी रुग्णालयाचा होता. तेव्हा वस्तूच्या किमतीला मर्यादा घातली आणि बिलाचे बाकीचे रकाने मोकळे सोडले, तर एका रकान्यातला फुगवटा दुसऱ्या रकान्यात जाईल, हेही समजून घेतले पाहिजे.

ज्या रुग्णालयात माझ्यावर उपचार झाले तिथे पेसमेकरच्या तीन प्रतींची तीन किमतींसह यादी माझ्यापुढे ठेवण्यात आली आणि ‘तुम्ही निवडा’ असे सांगण्यात आले. मी चाळीस वर्षे ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचे सिद्धांत शिकवले. परंतु धाप लागलेल्या, पलंगावर पडलेल्या माणसाचे सार्वभौमत्व कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला आढळलेले नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते, म्हणून नेहमीच्या बाजाराचे नियम इथे लागू पडत नाहीत. अ‍ॅरो समाजवादी प्रचारक नव्हते. मुख्य प्रवाहातले नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ होते. साठ वर्षे उलटून गेली, तरी आपल्या धोरणकर्त्यांपर्यंत ते विधान पोचलेले दिसत नाही.

आणखी एक मक्तेदारी कोणाच्या ध्यानात येत नाही. पेसमेकरची तपासणी ज्या उपकरणाने करतात ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. एका कंपनीचे उपकरण दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाचू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी तपासणीसाठी कंपनीचाच माणूस यावा लागतो. म्हणजे रुग्ण एकदा त्या दाराने आत गेला की जन्माचा बांधला गेला. ही तांत्रिक अपरिहार्यता आहे काय? मुळीच नाही. यंत्र आणि हृदयात जाणारी तार यांचा जोड कित्येक वर्षांपासून जगभर एकाच प्रमाणानुसार बनतो. जोडाचे प्रमाणीकरण होऊ शकते, तर तपासणीच्या उपकरणाचेही होऊ शकते. ते झालेले नाही, कारण कोणा मोठ्या खरेदीदाराने तसा आग्रह धरलेला नाही. भारत सरकार आणि राज्य सरकारे हजारो पेसमेकरांचे पैसे योजनांतून भरतात. पण खरेदीदार म्हणून आपली ताकद ती वापरीत नाहीत.

मृताचे यंत्र, जिवंताची छाती

विषमतेचे एक चित्र मला फार अस्वस्थ करते. पेसमेकर छातीत ठेवून दहन करता येत नाही. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. म्हणून दहनापूर्वी तो काढतात. अनेक यंत्रांत तेव्हा कित्येक वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. शिकागोच्या परिसरातील मृतांच्या छातीतून काढलेले, निर्जंतुक केलेले पेसमेकर मुंबईतील होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले; त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील सात देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडले गेले. असे यंत्र नव्या यंत्राहून कमी सुरक्षित नाही, असे त्यातून दिसले. हे काम करणाऱ्यांना माझा नमस्कार आहे, आणि ते बंद पाडावे असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु ज्या वस्तूचे तंत्र जगाला साडेसहा दशके अवगत आहे, ती गरिबाला मिळावी यासाठी श्रीमंत देशातला कोणी मरण्याची वाट पाहावी लागावी, ही परोपकाराची गौरवगाथा नव्हे. ती एका अर्थव्यवस्थेची नालस्ती आहे.

पैसा नाही, असे उत्तर मिळेल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के झाला. लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. आकडे आपल्या सोयीचे नाहीत म्हणून लपवणे हा आपला धर्म नाही. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते, आणि अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस स्वतःच्या खिशातून देतो. शिवाय, मी ज्या मागण्या पुढे मांडीत आहे त्यांतल्या बहुतेकांना मोठा पैसा लागतच नाही.

पहिली मागणी: रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर कायम आणि मोफत मिळाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने नव्या गोळ्या २०१९ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये डॅबिगॅट्रान आले. रिव्हारोक्साबान आणि अ‍ॅपिक्साबान यांची मूळ पेटंटे भारतात संपली आहेत, आणि अनेक भारतीय कंपन्या त्या बनवीत असल्यामुळे किमती उतरल्या आहेत. तामिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ स्थापून औषधांची एकत्रित खरेदी कशी करावी ते दाखवले. महाराष्ट्राला नवे काही शोधायचे नाही.

दुसरी: आयएनआर चाचणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात उपलब्ध व्हावी. तिसरी: बेंझाथिन पेनिसिलीनचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्राने हाती घ्यावे आणि ज्या मुलांना हा ताप येऊन गेला त्यांची गावनिहाय नोंद ठेवावी. चौथी: पेसमेकरची कमाल किंमत ठरवावी, बिलातील इतर आकारांवरही मर्यादा घालावी, आणि सर्व यंत्रे वाचू शकणाऱ्या एकाच प्रमाणित उपकरणाची अट सरकारी खरेदीत घालावी. पाचवी: सार्वजनिक न्यास कायद्याखालील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केली आहे. बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा व्हावयाची असते. या निधीतून पेसमेकरची पुढची तपासणी आणि बॅटरी संपल्यावरचे नवे यंत्र मिळालेच पाहिजे.

सहावी गोष्ट मी सरकारकडे मागत नाही, कार्यकर्त्यांकडे मागतो. आपण गावोगाव आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब मोजतो, साखर मोजतो. त्याच वेळी मनगटावर तीन बोटे ठेवून पुरे एक मिनिट नाडी पाहावी. ठोके अनियमित लागले तर त्या माणसाला हृदयाच्या आलेखासाठी पाठवावे. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. पुष्कळांना हा आजार असल्याचे पक्षाघात होईपर्यंत कळतच नाही. ते एका मिनिटात कळू शकते. आशा कार्यकर्तीला हे शिकवायला एक दुपार पुरेल. अर्थात तिच्या मानधनाचा प्रश्न तसाच ठेवून तिच्यावर आणखी एक काम लादणे न्याय्य नव्हे. ती मागणीही याच ठरावात आली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना तातडीची वैद्यकीय मदत हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क एका शेतमजूर संघटनेने न्यायालयात जाऊन मिळवला, हे विसरता कामा नये. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रातही तसा कायदा झाला पाहिजे. मात्र त्या कायद्यात रुग्णालयाच्या दारापर्यंतचाच हक्क लिहिला गेला तर आपण पुन्हा विम्याच्याच सापळ्यात अडकू. हक्क सोळाव्या दिवशीच्या गोळीचा लिहिला गेला पाहिजे. येत्या जिल्हा शिबिरांत आरोग्यावर ठराव येतील, तेव्हा किती रुग्णालये आणि किती लाखांची हमी, या जुन्या शब्दांच्या जागी किती रुग्णांना, किती वर्षे, कोणती गोळी, हे शब्द आले पाहिजेत. ते आणण्याचे काम पुढारी करणार नाहीत. शाखेतल्या कार्यकर्त्यांनीच ते केले पाहिजे.